विदेशी लाकडाचा बाऊल तडकतो का, आणि त्याचा रंग जातो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका निवृत्त अभियंत्यांनी 12 इंची स्विंगचा (म्हणजे 12 इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरवून कातता येईल असा) छोटा लेथ घेतला आणि पदौक, वेंगे, पर्पलहार्ट, झेब्रावुड यांचे मेण लावलेले गोल ठोकळे ऑनलाइन मागवले. पदौकचा पहिला बाऊल झकास उतरला, तेल लावून शोकेसमध्ये गेला, आणि पंधरवड्याच्या आत काठापासून बुडाकडे तडकला. पर्पलहार्टचा एक पापुद्रा काढून पाहिला तर आतलं लाकूड जांभळं नाही, मळकट तपकिरी. ते विचारतात: हत्यार चुकलं की वेग? उरलेले ठोकळे वाया जाऊ नयेत म्हणून काय करू? पॉलिश कोणतं लावू? त्यात खायचं ठेवता येईल का? आणि अमेरिकेतल्या भावाला एखादा पाठवता येईल का?

हत्यार चुकलेलं नाही आणि वेगही. तुमचा ठोकळा ओला होता.

विकत मिळणाऱ्या विदेशी ठोकळ्यांवर मेणाचा जाड थर असतो आणि बहुतेकांना वाटतं की हे वाळवून, सील करून दिलेलं लाकूड आहे. उलट आहे. मेण लाकूड वाळवत नाही, आतलं पाणी कोंडून ठेवतं. बोटीतून आणि गोदामातून प्रवास करताना ठोकळा फुटू नये ही विक्रेत्याची सोय. चारही बाजूंनी मेणात बुडवलेला 3 इंच जाडीचा घट्ट लाकडाचा ठोकळा दोन-दोन वर्षं फळीवर पडून राहिला तरी आतून दमटच असतो. तुम्ही मेण कातून काढलं, भिंत 6-7 मिलिमीटरवर आणली आणि नाशिकच्या कोरड्या हवेत ठेवून दिलं. एका बाजूने पाणी भराभर गेलं, बूड जाड असल्यामुळे तिथलं मागे राहिलं, आणि दोघांच्या ओढाताणीत काठ सुटला.

हिशेब सांगतो, म्हणजे अंदाज येईल. लाकडाच्या पेशींच्या भिंतीत साधारण 28 ते 30 टक्क्यांपर्यंत पाणी मुरतं. त्यावरचं पाणी पोकळीत मोकळं असतं, ते गेलं तरी लाकूड आक्रसत नाही. आक्रसायला सुरुवात होते ती या टक्क्यांच्या खाली उतरल्यावर. समजा 2 किलोचा ठोकळा 30 टक्क्यांवर आहे. तो 10 टक्क्यांवर यायचा तर त्यातून सुमारे 300 ग्रॅम पाणी जावं लागतं. आणि लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आक्रसत नाही. रेषेच्या, म्हणजे धाग्यांच्या, लांबीत जवळजवळ नाहीच, खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सगळ्यात जास्त. पदौक पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्तुळांच्या दिशेने साधारण 5 टक्के आक्रसतं, वेंगे 8 टक्क्यांच्या आसपास, झेब्रावुड 10 ते 11. घरातल्या हवेपर्यंतच वाळायचं म्हणजे त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त घडतं. म्हणजे 250 मिलिमीटरचा पदौकचा बाऊल एका बाजूने 7-8 मिलिमीटर आत येतो, वेंगेचा 12. दुसऱ्या बाजूने काहीच नाही. गोल काठ अंडाकृती होतो तो यामुळे, आणि अंडाकृती व्हायला जागा मिळाली नाही तर तडा जातो.

यावरचा उपाय जुनाच आहे: बाऊल दोनदा कातायचा. पहिल्यांदा नुसता ढोबळ. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवायची, 250 मिलिमीटरच्या बाऊलला 25. वेंगेने 12 मिलिमीटर खाल्ले तरी दोन्ही बाजूंना 6-6 वाटून जातात आणि पुन्हा गोल काढायला लाकूड उरतं. बुडाची जाडी भिंतीपेक्षा जास्त ठेवू नका. नवखे इथेच फसतात, कारण चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायला टेनन, म्हणजे बुडाखालचा गोल खुंट, हवा म्हणून बूड जाड राहतं. टेनन मात्र थोडा मोठा ठेवा, तोही अंडाकृती होणार आणि नंतर तो पुन्हा गोल करावा लागणार.

मग बाहेरच्या बाजूला जिथे रेषांची टोकं उघडी पडतात तिथे, आणि काठावर, मेणाचा किंवा किंचित पातळ केलेल्या फेविकॉलचा हात द्यायचा. पाणी टोकांतून सगळ्यात वेगाने पळतं, त्या वाटा अरुंद करायच्या. बाकीचं अंग उघडं. बाऊल खाकी कागदाच्या पिशवीत घालायचा आणि फॅनखाली किंवा गच्चीवर न ठेवता खोलीतल्या एखाद्या शांत कोपऱ्यात, जमिनीपासून थोडा वर ठेवायचा. पिशवीत भुसा भरायची पद्धत आहे, पण पावसाळ्यात त्याला बुरशी येते. मी नुसती पिशवी वापरतो.

आता स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा आणा. ढोबळ कातल्या दिवशीचं वजन आणि तारीख पेन्सिलने बुडावर लिहा. दर रविवारी पुन्हा वजन करा, त्याच्याच खाली लिहा. सुरुवातीला आकडे धडाधड उतरतात, मग 10 ग्रॅम, 5 ग्रॅम, 2 ग्रॅम. सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की लाकूड तुमच्या घरच्या हवेशी समेटाला आलं. दोन पिनांचे ओलावामापक स्वस्तात मिळतात, पण ते ज्या लाकडांसाठी जुळवलेले असतात त्यांत वेंगे किंवा पर्पलहार्ट सहसा नसतं, आणि पिना या लाकडात धड घुसतही नाहीत. काट्याला लाकडाच्या जातीशी देणंघेणं नाही. घट्ट लाकडाला या सगळ्यात सहा महिने सहज जातात, जाड भिंतीला वर्षही.

एक लक्षात घ्या, ‘वाळलेलं’ ही गावागणिक वेगळी गोष्ट आहे. पावसाळ्यात रत्नागिरीत हवेची आर्द्रता 85 टक्के असते तेव्हा लाकूड 18 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. मे महिन्यात नागपुरात आर्द्रता 25 टक्क्यांवर येते तेव्हा तेच लाकूड 5-6 टक्क्यांकडे ओढलं जातं. कोकणात जुलैत वजन थांबलं म्हणून शेवटचा हात मारलात आणि दिवाळीत तो बाऊल विदर्भात भेट दिलात तर उन्हाळ्यात फोन येणार. नाशिकला तुम्ही मधोमध आहात. शेवटची कातणी पावसाळ्यानंतर, डिसेंबर ते मार्चमध्ये करा.

तुमच्याकडच्या चारही लाकडांचे स्वभाव वेगळे आहेत.

पदौक चौघांत सगळ्यात गरीब. आफ्रिकेतलं, कॅमेरून-गॅबॉन पट्ट्यातलं. आपल्याकडे गांधीधामच्या वखारींतून दारांच्या चौकटींसाठीही येतं. घनता साधारण 750 किलो प्रति घनमीटर, म्हणजे सागापेक्षा थोडं जड. धारेला छान येतं. आपल्या बिबळ्याचा हा सख्खा भाऊ. ज्या बिबळ्याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी पितात, तोच. बिबळ्याचा रंग पाण्यात उतरतो, पदौकचा स्पिरिटमध्ये, त्याकडे पॉलिशच्या वेळी परत येऊ. कातताना पदौक भगवं-लाल असतं, इतकं की फोटो काढला तर लोकांना रंगवलंय असं वाटतं. विक्रेते तोच फोटो लावतात. वर्ष-दीड वर्षात ते विटकरी आणि पुढे चॉकलेटी होतं. प्रकाशाने होतं, आणि हवेनेही. अतिनील किरण अडवणारं लॅकर लावलं तर वेग मंदावतो, थांबत नाही.

पर्पलहार्टची गोष्ट गमतीची आहे. तुमच्या ठोकळ्यात फसवणूक नाही. हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड ताजं कापलं की करडं-तपकिरीच निघतं. हवा आणि उजेड लागला की काही दिवसांत जांभळं होतं. शेवटचा पॉलिश पेपर मारून झाला की पॉलिश न लावता दोन-चार दिवस खिडकीत ठेवा, रोज थोडं फिरवा, रंग चढताना डोळ्यांनी दिसेल. हवा तितका जांभळा झाला की मग पॉलिश. पुढे सूर्यप्रकाशात ठेवत राहिलात तर हाच रंग पुन्हा तपकिरीकडे जातो. घनता 900 च्या आसपास, आणि बोथट हत्याराने घासत राहिलात तर तापून चिकट राळ बाहेर येते आणि काळपट डाग पडतात. दर दोन-तीन हातांनंतर धार.

वेंगे काँगो खोऱ्यातलं, काळपट तपकिरी, बारीक फिकट रेघांचं. रंग फारसा दगा देत नाही, पण लाकूड ठिसूळ आहे. काठावरचे धागे उचकटतात आणि त्याच्या कुशी हातात शिरल्या की पिकतात. चिमटा आणि अँटिसेप्टिक जवळ ठेवा. शेवटचा हात मारण्याआधी पातळ लाखेचा एक हात देऊन वाळू द्या, धागे ताठ होतात आणि स्वच्छ तुटतात.

झेब्रावुडचे पट्टे बघून सगळे भुलतात. वर दिलेला 10-11 टक्क्यांचा आकडा आठवा. चौघांत सगळ्यात जास्त आक्रसणारं हे, त्यात रेषा उलटसुलट गुंतलेल्या. हा ठोकळा सगळ्यात शेवटी घ्या.

लेथवरच्या गोष्टी भराभर सांगतो, कारण त्या साध्या लाकडाला लागतात तशाच. वेगाचा ढोबळ नियम असा: इंचातला व्यास गुणिले फेरे 6000 ते 9000 मध्ये यायला हवेत. 10 इंचांच्या ठोकळ्याला 600 ते 900 फेरे. घट्ट आणि जड लाकडाला खालच्या टोकाने सुरुवात. बटण दाबताना ठोकळ्याच्या समोर नाही, बाजूला उभं राहा. ठोकळा सुटला किंवा फुटला तर तो समोरच येतो. पूर्ण चेहरा झाकणारं कवच, चष्मा नाही. हातमोजे नको, लांब बाही नको, गळ्यात उपरणं-ओढणी नको. ढोबळ कामात शक्य तोवर टेलस्टॉकचा, म्हणजे समोरून ठोकळा दाबून धरणाऱ्या टोकाचा, आधार सोडू नका. आधी हाताने एक फेरा फिरवून पाहा, कुठे अडतंय का. ठोकळा हातात असताना त्याला टकटक करून ऐका, आतली चीर बद्द आवाजात कळते.

हत्यार म्हणजे बाऊल गाऊज, पन्हळ असलेली लांब दांड्याची पटाशी, हाय स्पीड स्टीलची. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे जा, आतून कातताना काठाकडून बुडाकडे. आडव्या रेषेच्या बाऊलमध्ये या दिशेने गेलं की प्रत्येक धाग्यामागे दुसऱ्या धाग्याचा आधार असतो, उलट गेलं की धागा उचकटतो. कार्बाइडच्या चौकोनी पातीचं हत्यार लोक सोपं म्हणून घेतात. ढोबळ कामाला चालतं, पण त्याने मिळणारी पाठ खरवडल्यासारखी असते आणि मग पॉलिश पेपरवर सगळा भार येतो. घट्ट लाकडात तो भार महागात पडतो.

कसा ते सांगतो. वेंगे, पर्पलहार्ट, आबनूस, रोझवुड ही लाकडं उष्णता झटकन सोडत नाहीत. पेपर एका जागी दाबून धरला की पाठीचा पातळ थर तापतो, त्यातलं उरलंसुरलं पाणी जातं, तो आक्रसतो आणि केसासारख्या आडव्या चिरा पडतात. पॉलिश लावेपर्यंत त्या दिसतही नाहीत. माझी कसोटी साधी आहे: पेपर उघड्या बोटांनी धरायचा, पाठीमागे फोम किंवा कापड नाही. बोटांना चटका बसला की लाकडालाही बसलाय. वेग निम्मा करा, पेपर नवा घ्या, हलका हात ठेवा. 120 पासून सुरू, मग 180, 240, 320, 400, आणि शोभेच्या घट्ट लाकडाला 600 सुद्धा. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवा आणि दिवा तिरका धरून आधीच्या नंबरचे ओरखडे शोधा. 120 चा एक ओरखडा राहिला तर तो 600 पर्यंत तुमच्यासोबत येतो.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. झेब्रावुडवर वेलबुट्टी नको, पदौकला मण्यांचे कडे नकोत, वेंगेच्या काठाला पितळेची तार नको. लाकूड बोलकं असेल तर आकार गप्प ठेवायचा. अमेरिकेत बर्कलीला बॉब स्टॉक्सडेल नावाचा कातारी होऊन गेला, 1913 ते 2003. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला नकार देणाऱ्यांच्या छावणीत तो लेथ शिकला आणि पुढची पन्नासएक वर्षं जगभरचं लाकूड आणून त्याचे पातळ, साधे, बिननक्षीचे बाऊल कातत राहिला. त्याच्या कामाचे फोटो पाहा. बूड लहान, वक्र एकसंध, कुठे थांबतोय असं वाटत नाही, आणि गाभ्याचं गडद लाकूड व बाहेरचं पांढुरकं लाकूड यांची सीमारेषा नेमकी काठाजवळून जाते. ती योगायोगाने जात नाही. ओंडक्यातून ठोकळा कुठून कापायचा हे त्याने आधीच ठरवलेलं असतं.

वक्र तपासायची युक्ती: गळ्यातली बारीक साखळी दोन बोटांत धरून भिंतीवर लावलेल्या कागदासमोर लोंबू द्या. बोटं जवळ आणा, लांब न्या, हवी ती कमान पडली की कागदावर गिरवा. पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि कातताना तोच पुठ्ठा बाऊलच्या पोटाला लावून पाहा. जिथे उजेड दिसतो तिथे फुगवटा नाहीतर खळगा आहे. बूड व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठं नको. बूड मोठं झालं की महागाचं लाकूडही पोळपाटासारखं बसकं दिसतं. भिंत मात्र काठापासून तळापर्यंत सारख्या जाडीची. ती डोळ्यांनी कळत नाही, अंगठा आत आणि तर्जनी बाहेर ठेवून डोळे मिटून काठावरून खाली सरकत जा, जाड जागा लगेच हाताला लागते.

आता धूळ. तुम्ही धुळीबद्दल विचारलंच नाहीत, म्हणून जास्त लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आयएआरसी हिने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. नाक आणि सायनसचा. त्याहून रोजचा त्रास म्हणजे ॲलर्जी. रोझवुडच्या कुळातल्या लाकडांत, विशेषतः मध्य अमेरिकेतल्या कोकोबोलोमध्ये, क्विनोन जातीची रसायनं असतात. पहिल्या वेळी काहीच होत नाही. शरीर मात्र त्यांची ओळख ठेवतं, आणि एक दिवस पापण्या सुजतात, मनगटावर विष चढावं तसं पुरळ उठतं, आणि त्यानंतर चिमूटभर धुळीनेही तेच होतं. हे उतरत नाही, वाढत जातं. पदौकची धूळ शिंका आणते, वेंगेची त्वचेला आणि पोटालाही त्रास देते. ढलप्या धोक्याच्या नाहीत, धोका पॉलिश पेपरच्या पिठाचा. ते पीठ डोळ्यांना दिसत नाही आणि तासन् तास हवेत तरंगतं.

म्हणून पेपर मारताना एन95 किंवा त्याहून वरचा मास्क, दाढी असेल तर पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारं सैल शिरकवच, कारण दाढीवर मास्कची कडा बसत नाही. शोषण-पंपाचं तोंड पेपरच्या अगदी जवळ, हातभर लांब नको. आणि मी पदौकला 240 नंतर ओलं घासतो: लाकडावर थोडं तेल, त्यात पेपर. धूळ उडत नाही, तिचा चिखल होतो, तो कापडाने पुसून टाकायचा. कार्यशाळेतून घरात येताना कपडे झटकून नव्हे, बदलून या. घरात नातवंडं येत-जात असतील तर त्यांच्यासाठीही.

पॉलिशकडे येऊ. पदौकला स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख, म्हणजे आपलं नेहमीचं चपडी पॉलिश, कापडाने चोळलं की कापड लाल होतं. सगळा बाऊल पदौकचाच असेल तर बिघडत नाही. पण मध्ये मेपल किंवा हळदूचं फिकट कडं जोडलं असेल तर लाल रंग त्यावर पसरतो आणि धाग्यात मुरतो, निघत नाही. अशा वेळी पाण्यावर आधारित लॅकर किंवा लाखेचा पातळ फवारा, आणि त्याआधी फिकट भागावरची पदौकची धूळ पुसायची नाही, हवेच्या झोताने उडवायची.

रोझवुड, शिसवी, कोकोबोलो यांना जवसाचं तेल किंवा डॅनिश ऑइल (तेल-वार्निशचं तयार मिश्रण) थेट लावू नका. या लाकडांतली नैसर्गिक रसायनं तेलाला सुकू देत नाहीत, आठवड्यानेही हात चिकटतो. आधी ॲसिटोनने पुसा, मग मेण काढलेल्या लाखेचे दोन पातळ हात द्या, त्यावर काहीही चालतं. डिंकानेही जोडायचं असेल तर ॲसिटोनने पुसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत जोडा, नाहीतर तेल पुन्हा वर येतं. वेंगेला मी नुसतं सुकणारं तेल देतो, चार-पाच हात, प्रत्येक हात वाळल्यावर. त्याची रंध्रं भरायची नाहीत, काळ्या लाकडाला आरशाची चमक प्लास्टिकसारखी दिसते. पर्पलहार्टला पारदर्शक पाण्याचं लॅकर, कारण तेलाने जांभळा रंग काळवंडतो. तेलाचे बोळे पसरून वाळवा, गोळा करून डब्यात टाकू नका. सुकणारं तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि बोळे आपोआप पेट घेतात. वर्तमानपत्रातल्या सुतारकामाच्या कारखान्यांच्या आगींपैकी काही अशाच लागतात.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे, लाकडी खेळणी करणारे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि वर केवड्याच्या जातीच्या पानाने चकाकी आणतात. मऊ, फिकट लाकडावर त्याला तोड नाही. घट्ट विदेशी लाकडावर मात्र तीच उष्णता चिरा पाडते, मोह आवरा.

खाण्याचं विचाराल तर शोभेचा बाऊल शोभेलाच ठेवा. पूर्ण सुकलेलं तेल किंवा लाख पोटाला अपायकारक नाही, पण कोकोबोलो-रोझवुडसारख्या लाकडांशी ओल्या, आंबट, गरम पदार्थांचा संबंध नको. सालासकट अक्रोड, कागदातली चॉकलेटं, किल्ल्या, चालेल. घरात रोज वापरायला हवा असेल तर फणसाचा किंवा आंब्याचा कातून द्या.

अमेरिकेतल्या भावाचं. साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या करारात शिसवी-शिसम-रोझवुडचं अख्खं डाल्बर्जिया कुळ जानेवारी 2017 पासून दुसऱ्या परिशिष्टात (परवान्याशिवाय व्यापार नाही) आहे, ब्राझिलियन रोझवुड तर 1992 पासून त्याहून कडक अशा पहिल्या. 2022 च्या पनामा परिषदेत आफ्रिकेतलं पदौकही दुसऱ्या परिशिष्टात आलं. पदौकची नोंद ओंडके, कापीव लाकूड, व्हेनिअर, प्लायवुड अशा मालाची आहे, तयार बाऊलची नाही. म्हणजे तयार बाऊल पाठवण्यापेक्षा परदेशातून ठोकळे मागवणं जास्त अडचणीचं. पदौकच्या ठोकळ्याला साइट्सचा परवाना तर लागतोच, शिवाय आपल्या 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्रही. बॅगेत टाकून आणलेला ठोकळा विमानतळावर राहू शकतो. तुम्ही भारतातल्या विक्रेत्याकडून घेतला असेल तर बिल जपून ठेवा, त्यावर लाकडाची जात आणि मूळ देश लिहून घ्या. भावाला पाठवताना तीच माहिती अमेरिकेच्या लेसी कायद्यातही (बेकायदा तोडलेलं लाकूड अडवणाऱ्या) कामी येते. रक्तचंदनाचा तुकडा कुणी ‘कातायला मस्त’ म्हणून देऊ केला तर हातही लावू नका.

पुढचा ठोकळा कातण्याआधी सरावासाठी रेन ट्रीचं लाकूड शोधा. दर पावसाळ्यात शहरांत याच्या फांद्या कोसळतात आणि पालिकेची माणसं त्यांचे तुकडे करतात. रीतसर विचारून घ्या. मूळचं ते दक्षिण अमेरिकेचं, म्हणजे आपल्यासाठीही विदेशीच. हवाईमध्ये पर्यटकांना विकले जाणारे मंकीपॉडचे बाऊल याच लाकडाचे. तपकिरी गाभा, पिवळसर कड, आणि आक्रसणं इतकं कमी की ओलं असतानाच पातळ कातलं तरी बऱ्यापैकी गोल राहतं. वेंगेवर हात बसवायचा तो आधी यावर बसवा. झाड मात्र स्वतः तोडायला जाऊ नका. शहरात पालिकेची परवानगी लागते, आणि साग, आंबा, फणस, चंदन अशा झाडांना शेतातसुद्धा 1964 च्या वृक्षतोड कायद्याची.

राहिला तडकलेला पदौक. फेकू नका. तडा किती रुंद आहे ते पाहा. पोस्टकार्ड जेमतेम शिरत असेल तर बाऊल आधी वजन थांबेपर्यंत पिशवीत ठेवा, कारण आत्ता भरलात तर उरलेलं पाणी जाताना तो शेजारून फुटेल. वजन थांबल्यावर तड्यात पदौकची बारीक धूळ दाबून भरा, वरून पातळ फेविक्विक सोडा, वाळू द्या, घासा. आजूबाजूला आधी लाखेचा हात दिलात तर फेविक्विकचा काळा डाग पसरणार नाही. तडा मिलिमीटरहून रुंद असेल तर काठ तेवढ्या खोलीपर्यंत कातून टाका आणि त्याचं उथळ तबक करा. उरलेल्या ठोकळ्यांचं मेण मात्र आजच सपाट बाजूंवरून खरवडून काढा, रेषांच्या टोकांवरचं राहू द्या, आणि प्रत्येकावर वजन लिहून ठेवा.